उजवीकडे विरळ

राधाकृष्ण दहातोंडे नगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. चांद्याकडच्या शेतकरी घरातला हा माणूस, वय छत्तीस, बोलणं मोजकं आणि स्वभावाने संशयी. त्यांना एखादी गोष्ट पटवायची म्हणजे आधी ती खोटी ठरवून दाखवायचा प्रयत्न करावा लागे, असं त्यांचे विद्यार्थी म्हणत.

बहात्तर सालच्या फेब्रुवारीत त्यांना मुंबईच्या एका संशोधन संस्थेकडून काम मिळालं. कॉलेजने व्यायामशाळेमागची जुनी कोठी रिकामी करून दिली. खिडक्यांना काळं कापड ठोकलं, मधोमध पांढऱ्या रंगाचं टेबल ठेवलं आणि वर प्रोजेक्टर बसवला. भरदुपारीही आत काळोख असायचा. बाहेर दुसऱ्या वर्षीच्या दुष्काळाचं ऊन फुफाट्यासारखं पसरलेलं, आणि आत तीन माणसं एका उजेडाच्या चौकोनावर वाकलेली.

परदेशातल्या एका प्रयोगशाळेत घराएवढ्या पिंपात जड द्रव भरला होता आणि त्यात डावीकडून न्यूट्रिनोंचा झोत सोडत होते. न्यूट्रिनो हा असा कण, की कुणाला चाहूलही न लागू देता अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो. पण कोट्यवधींत एखादा अणूवर आदळतोच. मग तिथून दुसरे कण उधळतात, द्रवात बुडबुड्यांच्या रेघा उमटतात आणि त्यांचा फोटो निघतो. त्या फोटोंच्या फिल्म आधी बोटीने आणि मग रेल्वेने, पत्र्याच्या डब्यांतून नगरला यायच्या. एकेक चित्र टेबलावर पाडायचं, आदळल्याची खूण दिसली की तिची जागा टिपायची, एवढंच इथलं काम.

बहुतेक खुणांमधून एक लांब रेघ निघून उजवीकडे पार चित्राबाहेर जायची. ती म्यूऑन नावाच्या कणाची. खोलीत तिला शेपटी म्हणत. काही खुणांना मात्र शेपटी नसे. त्या बांड्या. सगळा वाद या बांड्यांवरून होता. एक नवा सिद्धांत सांगत होता, की न्यूट्रिनो कधीकधी नुसता धक्का देतो आणि न्यूट्रिनोच राहून निघून जातो, तेव्हा शेपटी उमटत नाही. असं खरंच घडत असेल तर सिद्धांत खरा. पण न्यूट्रॉन नावाचा एक साधा, उपटसुंभ कणही कुठूनतरी घुसून अशीच बांडी खूण करू शकत होता.

दोघांना ओळखायचं कसं? त्याला उपाय होता. न्यूट्रॉन द्रवात शिरला की हात-दोन हातांत थकतो. त्याच्या खुणा डावीकडे दाट आणि उजवीकडे विरळ होत जाणार. न्यूट्रिनो थकतच नाही, म्हणून त्याच्या खुणा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या पडणार.

दहातोंडे सरांना वाटे, न्यूट्रॉनच असणार. सिद्धांत कागदावर फार देखणा होता, आणि म्हणूनच त्यांना त्याचा संशय होता.

हाताखाली दोघं होती. आसाराम पूर्वी तंबूतल्या टुरिंग टॉकीजचं मशीन चालवायचा. प्रोजेक्टर सांभाळणं आणि खुणांची मापं घेणं त्याच्याकडे. चित्रं बघायचं काम पुष्पावती गर्जेचं. चित्राच्या मधल्या फुलीवर नजर रोखून ती सगळं चित्र एकदमच पाहायची. ती पाथर्डीकडच्या ऊसतोड करणाऱ्या घरातली, वसतिगृहात राहून मॅट्रिक झालेली, एकवीस वर्षांची. तिची नजर अशी, की सरांना जिथे नुसता ठिपका दिसे तिथे ती दोन रेघा वेगळ्या करून दाखवायची. मार्चमध्ये सरांनी तिचे चार रीळ स्वतः पुन्हा तपासले. एकही खूण सुटली नव्हती. नियमाप्रमाणे दर दहा रिळांमागे एक पुन्हा तपासायचा होता, पण वीज सारखी जायची, कॉलेजच्या परीक्षा आल्या, आणि तिच्या कामावर संशय घ्यायला जागाच नव्हती. तपासणी राहून गेली.

मे महिन्यात ती सकाळी डोकं धरून यायला लागली. कधी मागे मोरीकडे जाऊन ओकून यायची. त्या वर्षी निम्म्या जिल्ह्याचं पाणी टँकरचं होतं, कुणाच्या पोटाचा भरवसा नव्हता. सरांनी तिला पाणी उकळून प्यायला सांगितलं. जूनमध्ये तिच्या कोपराने चहाचा कप टेबलावरून पडला. आठवड्यात पुन्हा पडला. जुलैत दाराची चौकट तिच्या उजव्या खांद्याला इतक्या जोरात लागली, की आसारामने मशीन थांबवलं.

"काय गं, दार न्हाई का दिसत?"

"अंधारात होतंय," ती खांदा चोळत म्हणाली.

ती त्याच दारातून पाच महिने येत-जात होती.

जुलैच्या शेवटी सरांनी बांड्या खुणांचा तक्ता केला. मोठ्या आलेख-कागदावर एकेका खुणेची जागा लाल पेन्सिलीने लावत गेले. शंभरावर ठिपके झाल्यावर ते मागे सरून उभे राहिले. डावीकडे ठिपके दाट होते. मध्यावर सैल होत होते. उजवीकडे बोटावर मोजण्याइतके.

"आसाराम, न्यूट्रॉनच आहेत," ते म्हणाले. आवाजात न लपणारं समाधान होतं.

पुष्पावतीही तक्ता बघायला आली. कागदाच्या डाव्या अंगाला उभी राहून बराच वेळ बघत होती. "छान आलाय सर," ती म्हणाली.

त्यांनी मुंबईला पत्र लिहिलं. संस्थेतले प्रमुख डॉ. नाडकर्णी यांचं उत्तर यायला ऑगस्ट उजाडला. पत्र छोटं होतं. 'बाकीच्या ठिकाणांहून बांड्या घटना सर्वत्र सारख्या आल्या आहेत, फक्त नगरच्या उजवीकडे घटत आहेत. कृपया शेपटीवाल्या घटनांचाही असाच तक्ता करून पाठवावा.'

सरांना राग आला. शेपटीवाल्यांचा तक्ता कशाला? त्या तर न्यूट्रिनोच्याच, याबद्दल वादच नव्हता. त्या सगळीकडे सारख्याच असणार. तरीही त्यांनी आसारामकडून मापांच्या वह्या मागवल्या आणि चार दिवस बसून ठिपके लावले.

त्या खुणाही उजवीकडे विरळ होत होत्या.

तिसऱ्या दिवशीच त्यांच्या हाताचा वेग कमी झाला होता. पृथ्वी आरपार करणारा कण पिंपातल्या चार हातांत थकत नाही. हा न्यूट्रिनोही नव्हता, न्यूट्रॉनही नव्हता. खुणा फिल्ममध्ये होत्या आणि वहीत नव्हत्या. म्हणजे बघणाऱ्याने बघितल्या नव्हत्या. आणि न्यूट्रॉनचं पत्र मुंबईला गेलं होतं, त्यांच्या सहीनिशी.

सप्टेंबरभर आसारामने जुने रीळ पुन्हा पाहिले. सुटलेल्या खुणा निघाल्या एकशे अडतीस. सगळ्या उजव्या बाजूच्या.

सरांनी पुष्पावतीला बोलावलं. टेबलावर ऑगस्टचं एक चित्र पाडलेलं होतं.

"हे चित्र तू पाहिलं होतंस?"

"होय सर."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग ही खूण?" त्यांनी पट्टी उजव्या बाजूला टेकवली.

तिने मान वळवली. नुसती नजर नाही, खांद्यांसकट सगळी मान. मग तिच्या चेहऱ्यावर गोंधळ उमटला. "आता दिसतेय. तेव्हा नव्हती."

"नंतर येऊन बसली का ती फिल्ममध्ये?"

तिने खुणेवर बोट ठेवून पाहिलं.

"अशा एकशे अडतीस आहेत. डावीकडून सुरुवात करायची, मध्यापर्यंत यायचं आणि पुढचं चित्र लावायचं. लवकर आटपतं ना?"

"सर, मी कोपरा न् कोपरा बघते. मला दिसलं आणि मी सोडलं, असं एकदाही झालं नाही."

ती खरं सांगत होती. सरांना त्या दिवशी ते फक्त उद्धट वाटलं. त्यांनी तिला कामावरून काढलं. दसऱ्यानंतर ती गावी गेली, आणि दिवाळी होताच आईबापांबरोबर श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला निघून गेली.

नोव्हेंबरात मुंबईला सविस्तर खुलासा पाठवायचा होता. चुकीची शिस्तवार नोंद असावी म्हणून सरांनी सुटलेल्या खुणा महिन्यावार लावायला घेतल्या. सहा कागद, एका महिन्याला एक. दुपारचे तीन वाजले होते, काळा पडदा बाजूला केलेला होता, आणि आसाराम खिडकीत बसून भिंगं पुसत होता.

मार्चच्या कागदावर सुटलेली एकही खूण नव्हती. एप्रिलमध्ये चार, अगदी उजव्या काठाला. मेमध्ये काठापासून तीन बोटं आत. प्रत्येक कागदावर सुटलेल्या खुणा जिथे संपत, तिथे जणू पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखी सीमा होती. रेघेच्या डावीकडे काहीही सुटलेलं नव्हतं. ठिपक्याएवढी खूणसुद्धा तिने टिपलेली होती. आणि रेघेच्या उजवीकडे हाताएवढ्या खुणाही टिपलेल्या नव्हत्या. जूनमध्ये ती सीमा आणखी आत आली. जुलैत आणखी. ऑगस्टमध्ये ती चित्राच्या मध्यावर येऊन ठेपली होती.

सर कागदांकडे बघत राहिले. आळशी माणूस कुठेही चुकतो. थकलेला संध्याकाळी चुकतो. दर महिन्याला एका सरळ रेघेत, मागचं सोडून पुढे सरकत, कुणी आळस करत नाही.

"आसाराम," ते म्हणाले, "पुष्पावतीचा चहा तू कुठल्या बाजूला ठेवायचास?"

"उजवीकडं. स्विच डावीकडं हाय ना." आसारामचा हात भिंगावर थांबला. "सर, मी उजवीकडून बोललो की ती दचकायची. मला वाटायचं घाबरट हाय."

सप्टेंबर आणि ऑक्टोबर उलटून गेले होते. त्या दोन महिन्यांचे कागद कुणाकडेच नव्हते. रेघ कुठे पोचली असेल, हे कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते श्रीगोंद्याला गेले. तिथून कारखान्याच्या रस्त्याने बैलगाडीवाल्यांना विचारत विचारत दहाच्या सुमारास गर्ज्यांची टोळी सापडली. त्या वर्षी ऊस खुरटा होता, पाण्यावाचून पिवळा पडलेला. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या होत्या. मुकादम बांधावर उभा होता.

"बन्सी गर्जेची पोरगी व्हय? शिकलेली? ती बघा तिकडं. लई कटकट हाय तिची. सरीतला डावा ऊस बुडख्यापसून तोडती आन् उजवा उभाच ठिवती. सांगून सांगून तोंड दुखलं."

सरांनी बघितलं. तिच्या मागे तोडलेल्या सरीत उजव्या अंगाला उसाची एक रांग तशीच उभी होती, वाऱ्यात हलत. आणि ती कोयता घेऊन पुढे पुढे जात होती, मागे काय राहिलं याचा पत्ता नसल्यासारखी. तिच्या उजव्या पोटरीला फडकं बांधलेलं होतं. रक्त वाळून काळं पडलं होतं.

त्यांनी हाक मारली. तिने भलतीकडेच बघितलं, मग पूर्ण वळून त्यांना शोधलं. "सर? तुम्ही इथं?"

बन्सी आणि तिची आई लंकाबाई कोयते खाली ठेवून आली. बन्सी वाळक्या अंगाचा माणूस. त्याने सरांना नमस्कार केला, पण बसा म्हणाला नाही. पोरीला कामावरून काढणारा मास्तर हाच, हे त्याला ठाऊक होतं.

"पायाला काय झालं?" सरांनी विचारलं.

"शेजारच्याचा कोयता लागला," लंकाबाई म्हणाली. "हीच त्याच्या अंगावर गेली. म्होरनं गाडी आली तरी बाजूला व्हत न्हाई. साडेसाती लागलीया पोरीला. शिंगनापूरला तेल घालून आलो, तरी फरक न्हाई."

"हिला डॉक्टरांकडे न्यायचं आहे. आजच."

"एक माणूस कमी पडलं की टोळी मोडती, गुर्जी," बन्सी शांतपणे म्हणाला. "तुमी काडून टाकली, तवा आमी इचारलं का, का म्हून? आता आमच्यातनं का काडता?"

सर पुष्पावतीसमोर दोन हातांच्या अंतरावर उभे राहिले. "माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवू नको." त्यांनी दोन्ही हात बाजूंना पसरले आणि दोन्ही हातांची बोटं वर केली, तिच्या डावीकडे एक आणि उजवीकडे चार. "किती बोटं आहेत?"

"एक."

लंकाबाई हसली. मग तिने सरांच्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि हसू मावळलं.

बन्सी पुढे आला. खाली पडलेलं उसाचं एक कांडं त्याने उचललं, लेकीच्या उजव्या गालापाशी आणलं आणि वीतभर अंतरावर हलवलं. ती सरांच्या नाकाकडे बघत शांत उभी होती. त्याने कांडं आणखी जवळ नेलं, पार पापणीपर्यंत. तिची पापणी हलली नाही.

"पुष्पे," तो म्हणाला, "म्या काय करतुया?"

"तुम्ही कुठं आहात बाबा?"

बन्सीच्या हातातलं कांडं खाली पडलं. तो मुकादमाकडे न बघताच म्हणाला, "चला गुर्जी."

नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला काळ्या कापडासमोर बसवलं आणि काठीच्या टोकाचा पांढरा मणी इकडून तिकडे फिरवला. अर्ध्या तासाने ते बाहेर आले.

"दोन्ही डोळे उत्तम आहेत. दोष डोळ्यांच्या मागे आहे, मेंदूत. डाव्या बाजूला काहीतरी वाढतंय. उजवीकडचं जग पुरतं गेलंय. काळं दिसतं असं नव्हे. तिकडे काही आहे हेच तिला कळत नाही, म्हणून तिची तक्रारही नव्हती. हे कधीपासून आहे, कुणी सांगू शकेल?"

सरांनी पिशवीतून सहा कागद काढून टेबलावर लावले. मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट. डॉक्टरांनी चष्मा वर करून एकेक कागद पाहिला आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

"असा रोगाचा इतिहास मी जन्मात पाहिला नाही," ते म्हणाले. "महिन्या-महिन्याचा. आणि तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं. कागदावर होतं."

"एप्रिलात आणली असती तर बरं होतं," डॉक्टर म्हणाले आणि पुण्याची चिठ्ठी लिहायला लागले.

पुण्यात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. बोराएवढी गाठ निघाली. शल्यचिकित्सकाने बन्सीला आणि सरांना समोर बसवून सांगितलं, की एका शिरेला चिकटलेला थोडा भाग मागे ठेवावा लागला. ओढला असता तर पोरगी टेबलावरच गेली असती. तो तसाच राहील किंवा वाढेल. गेलेली दृष्टी परत येणार नाही. जी आहे तिच्यावर लक्ष ठेवा.

दरम्यान आसारामने सगळे रीळ पुरे केले होते. सरांनी पहिलं पत्र मागे घेतलं आणि नवा तक्ता मुंबईला पाठवला. त्यात बांड्या खुणा डावीकडून उजवीकडे सारख्या होत्या, इतरांच्या होत्या तशाच. न्यूट्रिनो खरोखर धक्का देऊन न्यूट्रिनोच राहत होता. त्र्याहत्तरच्या जुलैत परदेशातून तसं जाहीर झालं. ज्या सिद्धांतावर सरांचा विश्वास नव्हता, तो टिकला. त्यांनी ती बातमी आसारामला वाचून दाखवली. आसारामने विचारलं, "म्हंजे आपण हरलो का सर?" सर म्हणाले, "आपण चुकलो. ते वेगळं."

पुष्पावती गावच्या बालवाडीत शिकवायला लागली. मुलांना ती डाव्या बाजूला बसवायची. दर तीन महिन्यांनी ती बन्सीबरोबर नगरला यायची. पुण्याला दरवेळी जाणं परवडण्यासारखं नव्हतं, आणि काळ्या कापडापेक्षा बारीक परीक्षा सरांच्या खोलीत होती. मुंबईला विनंती करून त्यांनी दोन डबे ठेवून घेतले होते. आसाराम पडदे ओढायचा आणि तिने न पाहिलेलं रीळ लावायचा. ती मान न हलवता, नजर मधल्या फुलीवर ठेवून, दिसतील त्या खुणा सांगायची. सर टिपायचे. मग ठिपके लावून सीमा बघायची.

पहिल्या खेपेला, मार्चमध्ये, रेघ मध्यावर होती. जूनमध्ये तिथेच होती. जूनच्या खेपेला तिने भिंतीवरचे जुने सहा कागद पाहिले. मान वळवत एकेक कागदासमोर थांबली.

"हा जुलैचा तुम्ही मला दाखवला होता," ती म्हणाली. "मी छान आलाय म्हणाले होते."

"तो वेगळा होता. पण त्यातही होतं. मला दिसलं नाही."

"तुम्हाला तर सगळीकडचं दिसतं सर."

ती हे टोचून बोलली नाही, साधेपणाने म्हणाली. सरांना ते अधिक लागलं.

सप्टेंबरच्या शेवटी ती तिसऱ्यांदा आली. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, बन्सीने येताना बाजरीची कणसं आणली होती. आसारामने रीळ लावलं. तास झाला, दीड तास झाला. बन्सी दाराशी उकिडवा बसून होता. पुष्पावती एकसुरात सांगत होती, "डावीकडे वर, शेपटीवाली. खाली, बांडी. मध्याजवळ काही नाही. पुढचं."

आसारामने दोनदा सरांकडे पाहिलं. मध्याजवळ होतं.

चित्रं संपली. सरांनी पडदा उघडला, ठिपके लावले, पट्टी ठेवली. मग पुन्हा ठेवली. रेघ मध्य ओलांडून डावीकडे दोन बोटं सरकली होती.

एक क्षण त्यांच्या मनात आलं, आणखी एक रीळ लावून पाहावं, कदाचित आज ती थकलेली असेल. संशय घ्यायची सवय त्यांना जन्माची होती.

"सर," पुष्पावतीने विचारलं, "सरकली का?"

"हो," ते लगेच म्हणाले. "दोन बोटं."

"डावीकडचं किती उरलं?"

"पुष्कळ आहे. पण आज जायला हवं."

बन्सी उठून उभा राहिला. त्याने कणसांची पिशवी आसारामच्या टेबलावर ठेवली आणि लेकीच्या उजव्या बाजूला जाऊन तिचा दंड धरला. सरांनी नवा कागद घडी करून खिशात घातला. पुण्याची दुपारची गाडी दीड वाजता होती. ते तिघे स्टँडकडे निघाले, आणि आसाराम मशीनचा दिवा थंड होण्याची वाट बघत खोलीतच थांबला.